ते असंच लिहितात

—अरे नको, नको, थांब. माउसवरचा हात काढ. काढ आधी. काय दाबत होतास? ॲडव्हान्स्ड — आणि मग ते खालचं बारीक अक्षरातलं 'तरीही पुढे जा'. वाटलंच मला. लाल त्रिकोण दिसला की तुमचं बोट आपोआप तिकडे पळतं — तुमचं म्हणजे सगळ्यांचंच, एकट्या तुला बोलत नाहीये, लगेच तोंड पाडू नकोस. सरक जरा. ती कोपऱ्यातली खुर्ची ओढून घे, तिचा पाय लंगडा आहे, जपून बस. हं. आता सांग, जेवणानंतर कोण येतंय? वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. त्यांच्या नव्या वेबसाइटवर पुस्तक राखून कसं ठेवायचं ते बघायला, स्वतःचा टॅब घेऊन. आणि वेबसाइट अजून आहे कुठे? तुझ्या ह्या मशीनवर. बाहेरच्या जगात ती जन्मलेलीच नाही. म्हणजे बाईंच्या टॅबवरही हाच त्रिकोण उभा राहणार — आणि तू त्यांना काय सांगणार होतास? परत म्हण. नीट, मोठ्याने म्हण. 'काही नाही हो मॅडम, आमचंच आहे, पुढे जा दाबा.' छान. फारच छान. बटणाचा निळा रंग ठरवायला आठवडा लावणारा डिझायनर तू, आणि हे मात्र एका वाक्यात उरकलंस.

नाही, रागावले नाहीये. माझा आवाजच तसा आहे, घरीसुद्धा सगळे म्हणतात — ते जाऊ दे. हे बघ, हा त्रिकोण येतो का? ब्राउझर कुठल्याही साइटला पहिलं काय विचारतो? तू कोण. साइट ओळखपत्र काढून दाखवते, तेच सर्टिफिकेट. मग ब्राउझर त्यावरचं नाव बघतो, मुदत बघतो, आणि खाली सही कुणाची आहे ते बघतो. ज्यांच्या सह्या चालतात त्यांची यादी मशीनमध्ये आधीपासून असते. आता तुझ्या सर्व्हरने काय केलं? कोरा कागद घेतला, 'मी मीच आहे' असं लिहिलं आणि खाली स्वतःच सही ठोकली. ब्राउझर बिचारा म्हणतो, बाबा रे, मी तुला ओळखत नाही. त्याचं काही चुकलं का? काही नाही चुकलं. तो त्याचं काम करतोय. आपण मात्र त्यालाच वेड्यात काढतो — अरे आपलंच आहे, तू गप्प बस. आणि तो गप्प बसतो. सगळा घोटाळा तिथेच आहे, तो गप्प बसतो.

तर आपण काय करायचं — वाजू दे तो, माझाच फोन आहे. उलटा करून ठेव. नणंदेचा आहे, करेन मी नंतर. — काय करायचं, तर सही करणारी आपलीच एक छोटी ऑथॉरिटी बनवायची. ह्या मशीनपुरती. एक कमांड आहे, बघ, ही. झाली. आता तिचं नाव मशीनच्या विश्वासाच्या यादीत घालायचं. तुझा पासवर्ड मागतोय, टाक, मी तिकडे बघते. टाकलास? आता त्या ऑथॉरिटीच्या सहीने तुझ्या साइटचं ओळखपत्र काढायचं, आणि सर्व्हरला सांगायचं की बाबा, ह्यापुढे कुणी विचारलं तर हे दाखव. संपलं. चहा गार व्हायच्या आत होतं रे हे. चहा गार व्हायच्या आत होण्यासारखं काम आहे, आणि वर्षानुवर्षं आपण सगळे ते टाळतो, कारण एक बटण दाबणं त्याहून सोपं असतं. मीसुद्धा टाळलं. सगळेच टाळतात म्हटलं ना. आणि ही फाइल दिसते ना, ही चावी आहे ऑथॉरिटीची, ही कुणाला पाठवायची नाही, कोडबरोबर चढवायची नाही, इथून हलवायचीच नाही.

बाईंच्या टॅबवर? नाही. त्यांच्या टॅबच्या यादीत आपली सही अजिबात घालायची नाही. उद्या ही चावी तुझ्याकडून कुठे सांडली, तर तिच्या जोरावर कुणीही कुठल्याही नावाचं ओळखपत्र बनवेल आणि बाईंचा टॅब त्याला या, बसा म्हणेल. त्यांना इथेच दाखव, शेजारी बसवून, तुझ्या मशीनवर. टॅबवरच बघायचा हट्ट असेल, तर उद्या चाचणीच्या सर्व्हरवर चढवू, खऱ्या सहीचं सर्टिफिकेट घेऊ, मग घरी बसून बघू देत. वाचनालय काही कुठे पळून जात नाही. आणि 'एकदाच तर दाबायचंय' म्हणू नकोस. एकदाच कुणी दाबत नाही. बोटाला सवय लागते. आणि ज्याला आपण शिकवतो ना, तो आपल्यावर विश्वास टाकून शिकतो, त्याला काय ठाऊक की आपण घाईत बोललो. तुला सांगते, माझ्या ओळखीत एक बाई आहेत—

वयस्कर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. तू नाही बघितलंस ते. फोन उचलला की आधी पलीकडून एक बाई बोलायची, कुठला नंबर हवा, आणि मग ती समोरच्या बोर्डातल्या भोकात पिन खुपसून लाइन जोडायची. ह्या बाई तसल्या बोर्डावर बसायच्या. अजूनही कुणी नंबर सांगितला की आधी तोच नंबर त्याला म्हणून दाखवतात, त्याच्याकडून 'हो' घेतात, मग लिहितात. सबंध नोकरीत चुकीची लाइन जोडली नाही असं मान ताठ करून सांगतात, आणि खरंच असणार ते, मला शंका नाही. तर त्यांना मेल आली. तुमची मेलपेटी भरली, इथे येऊन पासवर्ड द्या नाहीतर बंद होईल. त्यांनी लिंक दाबली. दाबल्यावर काय आलं? हाच, आपला लाल त्रिकोण. बरं, हल्ली चोरही रीतसर सर्टिफिकेट घेतात, त्यांच्याही पानावर कुलपाचं चित्र दिसतं, त्यामुळे नुसत्या कुलपावर जाऊ नकोस कधी. पण हा चोर आळशी निघाला. त्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपून गेलेली, आणि त्याने ते बदललंच नव्हतं. म्हणजे बघ, वाचायची किती सोपी संधी होती. ब्राउझर दारात आडवा पडून ओरडत होता, आत जाऊ नका. आणि आईंनी शांतपणे ॲडव्हान्स्ड दाबलं, पुढे जा दाबलं, आणि पासवर्ड देऊन टाकला. — बाईंनी. त्या बाईंनी.

मग काय, चोराने मेलपेटी ताब्यात घेतली आणि बाईंच्या सगळ्या जुन्या मैत्रिणींना पत्र धाडलं, बाईंच्या नावाने. मी इस्पितळात आहे, फोनवर बोलता येत नाही, लगेच मदत पाठवा. पाठवायला कुणी काही पाठवलं नाही, तेवढं नशीब. पण एक मैत्रीण, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काठी घेऊन टॅक्सीत बसली आणि थेट इस्पितळात गेली. एकेका वॉर्डात जाऊन नाव घेऊन विचारत फिरली. कुणी सांगेना, तेव्हा तिला वाटलं की संपलं सगळं. तिथून तशीच रडत घरी आली, निदान घरच्यांना भेटावं म्हणून. बेल वाजली, दार कुणी उघडलं? बाईंनीच. हातात ओलं फडकं, ओटा पुसत होत्या. मैत्रीण आधी गळ्यात पडून रडली, आणि मग इतकी चिडली, इतकी चिडली — तुला लाज नाही वाटत का, म्हणाली, जिवंत माणसाने असली पत्रं लिहायची? बाईंना कळेचना. दारातच उभ्या राहून त्या नुसतं पुन्हा पुन्हा विचारत होत्या, मी कधी लिहिलं, मी कुणाला लिहिलं. आतून मी धावत गेले तर—

हो, मी तिथेच होते. असते कधीकधी. तू सर्व्हर बंद करून परत चालू कर. ब्राउझर पण पूर्ण बंद कर, नुसती खिडकी मिटू नकोस, तो जुनं मनात धरून बसतो. हं. आता उघड.

परत लाल? असू दे, घाबरू नकोस. आणि बोट आवर! परत तिकडेच निघालं बघ तुझं. त्रिकोण आला म्हणजे तीच तक्रार असते असं नाही. वाच काय लिहिलंय ते. सगळं वाच, मोठ्याने. ... बघ. मघाशी म्हणत होता, सही ओळखीची नाही. आता सहीबद्दल एक शब्द काढत नाहीये. आता म्हणतोय, ओळखपत्रावर नाव localhost, म्हणजे 'हेच मशीन', असं आहे आणि तुम्ही आलात ते भलत्याच पत्त्यावर. कारण तू तो नंबरांचा पत्ता टाकलास वर, हा, जो ग्रंथपाल बाईंच्या टॅबसाठी काढून ठेवला होतास. ओळखपत्रावर नाव असेल त्याच नावाने हाक मारायची, नाहीतर ओळखपत्र काढतानाच नाव आणि नंबर दोन्ही घालायचे. एवढंच आहे. सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं रे तिथे. नुसतं वाचलं तरी कळतं. इतकं मोठं पान समोर येतं, माणसाने वाचायला नको का —

काही नाही. पाणी दे जरा. ती बाटली, हो.

काही झालं नाही म्हटलं ना. 'वाचायला नको का' — हेच मी परवा रविवारी घरात बोलले, आत्ता तोंडातून निघालं तेव्हा ऐकू आलं मला. ह्याच सुरात. बरं, आता लपवून काय करू, तुला कळलंच असेल, तू काही दूधखुळा नाहीस — त्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या आई. रविवारी सगळे जमले होते, मी, नवरा, नणंद, तिचे मिस्टर. विषय एकच, आईंच्या हातात आता हा लॅपटॉप ठेवायचा का. आई टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. नणंद म्हणाली, वय झालं की होतं असं, तिला दोष देत नाही मी, पण उद्या आणखी काही होऊन बसेल. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. घरात कॉम्प्युटरचं काही निघालं की तो माझ्याकडेच बघतो, आणि चारचौघांत सांगत सुटतो, आमच्या हिला विचारा, ती लोकांना सुरक्षितता शिकवते. तुला आठवतं ना माझं इथलं व्याख्यान, तू पुढच्या रांगेत झोपला होतास? तोच आवाज लावला मी. म्हटलं, आई, इतका मोठा लाल इशारा आला असेल. तुम्ही वाचला नाहीत का?

आईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एक शेंग सोलायला लागतो तेवढाच. आणि म्हणाल्या, चष्मा नव्हता गं लावलेला. चुकलंच माझं. — आता गंमत ऐक. चष्मा त्यांच्या गळ्यात. दोरी लावून असतो, दिवसभर असतो, आंघोळीला जाताना काय तो काढतात. नणंदेच्या मिस्टरांनी बोट दाखवलं, अहो, तो काय गळ्यात! सगळे हसले. वाईट मनाने नाही, आपलं आईची गंमत म्हणून हसले. आई पण हसल्या थोडं. मी पण हसले. हसले रे मी. माझं हसू मला आठवतंय, दात दिसेपर्यंत हसले.

नाही, तुला अजून कळलं नाही. तू म्हणतोयस की म्हाताऱ्या माणसाला टोचून बोललीस, होतं असं घरोघरी. टोचून बोलले असते तर परवडलं असतं. अरे, त्यांना शिकवलं कुणी ते? तो त्रिकोण आला की ॲडव्हान्स्ड दाबायचं, मग खाली बारीक अक्षरात बघायचं, हे सत्तरीच्या बाईला आपसूक सुचतं का? शिकवलं कुणीतरी. घरात असतं ना कुणीतरी कॉम्प्युटरवालं.

त्यांच्या ऑपरेटर मैत्रिणींचा मेळावा आहे, सगळ्या पुष्कळ वर्षांनी भेटणार. मीच म्हटलं होतं, आई, मी तुम्हाला त्याची एक वेबसाइट करून देते, जुने फोटो घालू, बोर्डावर बसलेले. त्या इतक्या हरखल्या. कपाटातून फोटो काढून एकेक पुसून मला दिला. साइट माझ्या मशीनवर, हिच्यासारखीच, आणि त्या बाहेरच्या खोलीत त्यांच्या लॅपटॉपवर बघायच्या, मला सांगायच्या, ही डावीकडून तिसरी नाही गं, हिचं नाव चुकलंय. आता ह्या तुझ्या मशीनवर जे केलं ते तेव्हा करायला काय झालं होतं मला? चहा गार व्हायच्या आत होतं म्हटलं ना मघाशी. केलं नाही. घरचंच तर आहे, कोण बघतंय. आणि माझा सर्व्हर असा की दर वेळी चालू केला की नवंच सर्टिफिकेट बनवायचा, त्यामुळे आईंना दर वेळी नव्याने त्रिकोण. पहिल्यांदा आला तेव्हा दुपार होती. मी माझ्या खोलीत, कानाला हेडफोन, मीटिंग चाललेली — तूही होतास त्यात, मेनूच्या रंगावरून भांडत होतास. आई दारात आल्या, लॅपटॉप दोन्ही हातांवर, भरलेलं ताट आणावं तसा धरलेला. म्हणाल्या, अगं, हे लाल काहीतरी आलंय, माझ्याकडून बिघडलं का? मी न बघताच म्हटलं, काही नाही हो आई, ॲडव्हान्स्ड दाबा, खाली पुढे जा असेल, ते दाबा, नेहमी तसंच करायचं. त्या गेल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, गळ्यातला, आणि मला वाचून दाखवलं, नंबर म्हणून दाखवतात ना तसं, सावकाश — कुणीतरी तुमची माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतं. पुढे म्हणाल्या, असं लिहिलंय इथे, तरी दाबू? तू ऐकतोयस ना? त्यांनी वाचलं होतं. आपल्या ह्या अख्ख्या ऑफिसात ते पान शेवटपर्यंत वाचलेलं एक माणूस मला दाखव, त्यांनी वाचलं होतं आणि लाइन जोडायच्या आधी खात्री करून घ्यायला माझ्याकडे आल्या होत्या. आणि मी हेडफोनचा एक कान उचलून म्हटलं, ते असंच लिहितात. मग त्या गेल्या, आणि मी परत तुमच्या मेनूकडे वळले.

त्यानंतर कधी आल्या नाहीत विचारायला. कशाला येतील? त्रिकोण आला की दाबायच्या. एकदा मला कौतुकाने म्हणाल्या सुद्धा, आता मला जमतं हं, तुला हाक मारावी लागत नाही. मी म्हटलं, शाब्बास.

म्हणजे रविवारी त्यांनी माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. विसरायची बाईच नाही ती. एक वाक्य बोलल्या असत्या, अगं, तूच नाही का सांगितलंस, की झालं असतं. माझ्या नवऱ्यासमोर, नणंदेसमोर माझं तोंड उतरलं असतं. नाही बोलल्या. चष्मा पुढे केला. मी मागाहून स्वयंपाकघरात गेले, काही बोलायला म्हणून नाही, पाण्याला गेले होते. त्या मटार धूत होत्या. पाठ माझ्याकडेच, आणि म्हणाल्या, तुझं नाव कशाला मध्ये आणायचं, तुझं ते कामच आहे ना. एवढंच. मी काय केलं असेल? सांग, काय केलं असेल? पाणी प्यायले आणि बाहेर आले. आणि खरं सांगू — हे मला तुला सांगायचं नव्हतं — मला हलकं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी हलकं वाटलं, की सुटले बाई. रात्रीचं जेवणसुद्धा नीट गेलं मला. लाज वाटली ती दुसऱ्या दिवशी, त्यांना फोनवर बोलताना ऐकलं तेव्हा. एकेका मैत्रिणीला फोन लावत होत्या, आधी नंबर म्हणून दाखवत होत्या, तुमचा हाच नंबर ना, आणि मग सांगत होत्या, माझ्याकडून चुकीची लाइन जोडली गेली, तुम्हाला त्रास झाला, माफ करा. प्रत्येकीला तेच वाक्य. त्या गुडघेवालीने फोन आपटला. मेळाव्याला त्या जाणार नाहीत आता. म्हणाल्या, कुठल्या तोंडाने जाऊ. आणि मी बाजूच्या खोलीत, दार लोटून, हे सगळं ऐकत कोड लिहीत होते. चांगलं लिहिलं त्या दिवशी कोड, एक चूक नाही.

हं, आपलं काम राहिलंच की. नाव घातलं, नंबर घातला, सर्व्हर परत चालू. उघड आता. ... आलं? कुलूप आलं. बघ. ना त्रिकोण, ना आरडाओरडा. कुणाला गप्प बसवावं लागलं नाही, कुणाला खोटं सांगावं लागलं नाही. एवढंच तर होतं. एवढ्यासाठी मी — बघू नकोस माझ्याकडे असा. डोळ्यांत स्क्रीन जातो दिवसभर, पाणी येतं.

परत वाजतोय. नणंदच आहे, मला माहीत आहे काय हवंय ते. आज ती लॅपटॉप न्यायला आली आहे. आईंनी स्वतःच तो पुसून, तारेचं वेटोळं करून, पिशवीत घालून दाराशी ठेवलाय, सकाळी निघताना बघितला मी. तिला विचारायचं असेल की आतलं सगळं पुसून टाकायचं कसं. ते बटण कुठलं, ते. घरातल्या कॉम्प्युटरवालीलाच विचारणार ना. साइट माझ्या मशीनवर, पण तिच्यात घालायचं सगळं त्या लॅपटॉपमध्ये आहे, फोटोंमधली नावं, त्यांनी एकेकीच्या खाली लिहिलेलं. माझ्याकडे अर्धंच आहे, बाकीचं त्यांनी तिथेच टाइप केलं, एका बोटाने. मी फोन उचलला नाही तर ती शेजारच्या कुणाला तरी बोलावेल आणि पुसेल. उचलला तर — उचलला तर मला बटण सांगावं लागेल, नाहीतर दुसरं काहीतरी सांगावं लागेल. सकाळपासून मी तो उलटा करून ठेवतेय. नाही, तू सांगू नकोस मला काय करायचं ते. तू मघाशी ग्रंथपाल बाईंना पुढे जा म्हणणार होतास.

दे. दे तो इकडे. आणि ऊठ तू, तुझं झालंय काम. ग्रंथपाल बाईंना इथे बसव, ही खुर्ची दे, लंगडी देऊ नकोस. आणि त्यांनी काही विचारलं, कितीही साधं विचारलं, तरी स्क्रीनकडे न बघता उत्तर देऊ नकोस, त्यांच्याकडे बघ. जा. —

हॅलो. हो ताई, मीच. हो, बघितले तुमचे फोन, मुद्दामच नाही उचलले. नाही, पुसू नका. पिशवीतून काढलाय का? परत ठेवा. ताई, आधी ऐका माझं. आई आहेत ना तिथे? त्यांच्या हातात नका देऊ फोन, स्पीकरवर टाका. तुमचा भाऊ घरीच आहे ना आज, त्यालाही हाक मारा. तुमचे मिस्टर सोडायला आलेत? बरंच झालं, त्यांनाही बसवा. रविवारी होते तेवढे सगळे हवेत मला. — तू अजून इथेच? दार ओढून घे बाहेरून. — हं. टाकलाय स्पीकरवर? आई, ऐकू येतंय? नाही, तुम्ही काही बोलू नका. नाही आई, जेवायची वेळ असू दे, गॅस बंद करा आणि बसा. त्या दिवशी चष्मा गळ्यात होता तुमच्या. आणि त्याच्या आधी, माझ्या दारात आलात तेव्हा डोळ्यांवर होता. सगळं नीट वाचून मला विचारायला आला होतात, तरी दाबू का म्हणून. सगळ्यांसमोर सांगते, आई, तुम्ही वाचलं होतं. आणि मी तुम्हाला म्हटलं—